मोरगावची चौकशी

लासुर्ण्यात संस्कृती नावाच्या मुलीला सगळे हुशार म्हणत, आणि या हुशारीनं तिला जेवढं एकटं पाडलं तेवढं दुसऱ्या कशानं पाडलं नसेल. बँकेचा कागद आला, कारखान्याचा मेसेज आला, कोणाचा मोबाईल अडला, की "संस्कृतीला दाखवा" म्हणून सगळं तिच्यापुढं येई. ती शाळेत होती तेव्हापासून हे चाललेलं. पण तिला स्वतःला काही विचारायचं झालं तर तिनं कोणापुढं जायचं, याचा विचार ना गावानं केला होता ना घरानं.

बी.कॉम. झाल्यावर ती बारामतीला शहा सरांच्या सीए ऑफिसात लागली. सकाळी इंदापूरकडून येणारी एसटी धरायची, दिवसभर दुकानदारांची जीएसटीची रिटर्नं भरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. तिच्याबरोबर लागलेल्या दोघींपैकी एक लग्न होऊन हडपसरला गेली, दुसरीला पुण्यात नोकरी मिळाली. त्यांच्या जागी आलेली मुलं वयानं लहान होती आणि तिला मॅडम म्हणायची. मॅडम म्हटलेल्या माणसाबरोबर कोणी डबा खात नाही. मग ती भिंतीकडं तोंड करून डबा खाई आणि मोबाईलवर मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत बसे. बाकीच्या पोरी मालिका बघतात तशी ही नफातोट्याची पानं बघायची. कुठली कंपनी कशामुळं घसरली, कुणी काय लपवलं, हे शोधण्यात तिला खरोखर गंमत वाटायची. ही आवड चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती, म्हणून तिनं ती कोणाला सांगितली नाही.

याच कामात पुढं जायचं तिच्या मनात होतं. पुण्या-मुंबईच्या एखाद्या फंड कंपनीत बसून असले अहवाल वाचायचे आणि त्याचाच पगार घ्यायचा. नावाजलेल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा तिनं दोनदा दिल्या आणि दोन्ही वेळा ती थोडक्यात राहिली. पंचविशी आली. त्यातच दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठातून मेल आली की एम.एस्सी. फायनान्सला आपली निवड झाली आहे, महिनाअखेरपर्यंत कळवा. त्या विद्यापीठाचं नाव असं होतं की समोरच्याला ते दोनदा सांगावं लागे, आणि दुसऱ्यांदा सांगितल्यावर समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणून विषय बदले.

तिला एवढंच कळून घ्यायचं होतं: दोन वर्षं तिकडं काढल्यावर ती कंपन्यांची दारं उघडतात का, की डिग्री घेऊन पुन्हा याच खुर्चीत येऊन बसायचं? प्रश्न साधा होता. उत्तर मात्र तिला मिळेना. शहा सर म्हणाले, "डिग्री कधी वाया जात नाही, बेटा," आणि फोन घ्यायला वळले. पुण्याच्या मैत्रिणीनं अंगठा आणि लाल बदाम पाठवला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुला कळतंय बाय. आमी काय सांगणार?" तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, त्या हंगामाचं उसाचं बिल न मोडता बाजूला ठेवलं होतं. तेही म्हणाले, "तू म्हणशील तसं."

तिला त्या वेळी अगदी रडू आलं. कोणीतरी "जाऊ नको" म्हणून भांडायला हवं होतं, म्हणजे भांडायला तरी कोणी आहे असं वाटलं असतं.

मग एके दिवशी विद्यापीठाच्या वेबसाइटवर तिला एक फोटो दिसला. काळा झगा, चौकोनी टोपी, ओठ घट्ट मिटून हसणारा एक मुलगा. खाली लिहिलं होतं, संदेश तावरे, मोरगाव, जिल्हा पुणे, सध्या वित्त विश्लेषक. संस्कृती खुर्चीतून उठलीच. कुठलं ते विद्यापीठ, आणि तिथून शिकून आलेला माणूस शेजारच्या तालुक्यातला! तिनं लगेच त्याला शोधून मेसेज टाकला, ओळख दिली, प्रश्न विचारला. दोन दिवसांनी तीन ओळींचं इंग्रजी उत्तर आलं: अप्रतिम कोर्स आहे, माझं आयुष्य बदललं, जरूर या. असं शाम्पूच्या बाटलीवरही लिहिलेलं असतं. तिनं पुन्हा विचारलं की नोकरी नक्की कशी मिळाली, तर त्यावर काहीच आलं नाही.

हे तिनं तात्यांना सांगितलं तेव्हा ते मोटर बंद करून रानातून आले होते.

"मग त्याच्या घरला जाऊ की," तात्या म्हणाले.

"घरी कशाला तात्या? तो पुण्यात असतो."

"तो आसंल पुन्यात. घर हितंच हाय न्हवं? फोनवर मानूस कायबी बोलतं. घरी गेलं, च्या घेतला, चार गोष्टी इचारल्या, की समदं कळतं."

मानसिंगतात्यांची ही जन्माची रीत होती. बैल घ्यायचा असो की बहिणीला स्थळ बघायचं असो, ते आधी त्या घरी जाऊन बसत, गोठ्यात डोकावत आणि वाटेत चहावाल्याला विचारून घेत. त्यांनी आणलेले बैल कधी बसले नाहीत आणि त्यांच्या बहिणीही सुखात होत्या. संस्कृतीला हसू आलं, आणि बरंही वाटलं. या सगळ्या प्रकरणात कोणीतरी तिच्याबरोबर कुठं जायला तयार झालं होतं.

रविवारी ती दोघं मोटरसायकलवरून निघाली. देवळात जायचं म्हणून तिनं हिरवा रेशमी ड्रेस घातला, तात्यांनी कडक इस्त्रीची टोपी घातली. आता मागं वळून पाहिलं तर पहिली चूक इथंच झाली.

मयूरेश्वराचं दर्शन झाल्यावर तात्यांनी चहाच्या टपरीवर चौकशी केली, "तावऱ्यांच्या संदेशचं घर कुठं आलं?" टपरीवाल्यानं आधी तात्यांच्या टोपीकडं पाहिलं, मग संस्कृतीकडं, आणि त्याचा चेहरा फुलला.

"कुठनं आला, पाव्हणं?"

"लासुर्ण्यास्नं."

"लई चांगलं केलं. पोराला नाव ठेवायला जागा न्हाय बघा. सुपारीचं खांडबी खात न्हाय. कुशाकाकी घरीच हायती, जावा."

सुपारीचा आणि डिग्रीचा काय संबंध, हे संस्कृतीला कळलं नाही. पण माणूस चांगला आहे म्हटल्यावर खरंही सांगेल, असं तिला वाटलं.

घर गावाच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, दारात दोन शेळ्या आणि मागं कोरडवाहू ज्वारीचं रान. कडब्याच्या गंजीवर एक जुना फ्लेक्स पावसाच्या बचावासाठी अंथरला होता. त्यावर तोच झगा, तीच चौकोनी टोपी आणि 'हार्दिक अभिनंदन'. उन्हानं सगळे रंग उडून निळा तेवढा राहिला होता, त्यामुळं संदेश निळाच दिसत होता.

संदेशची आई कुशाबाई या घरात एकट्या राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पाणी दिलं, सतरंजी झटकून अंथरली आणि पदर सावरून उंबऱ्याशी बसल्या. तात्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आमी जरा चौकशीला आलोय. तुमच्या संदेशरावांची."

बस. एवढ्यावर झालं. रीत म्हणाल तर मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायची. पण हल्ली खेड्यातल्या मुलांना मुली मिळत नाहीत. तीस उलटलेल्या मुलाची आई पाहुण्यांनी दारात पाय ठेवल्यावर रीत विचारत बसत नाही.

तात्यांनी सवयीप्रमाणं विचारलं. रान किती, पाण्याची सोय काय, भाऊबंद कसे. कुशाबाई भराभरा सांगत गेल्या. मग संस्कृतीला राहवेना. "मावशी, त्यांना कोर्स झाल्यावर लगेच नोकरी लागली का? कॉलेजनं लावून दिली का त्यांनी शोधली? नक्की कुठल्या कंपनीत असतात?"

कुशाबाईंनी कौतुकानं तिच्याकडं पाहिलं. "पोरगी धीट हाय. आसंच पायजे. लगीच लागली बाय. मोठ्या ब्यांकंत हाय, गार खोलीत बसून काम. लई उपकार हायती त्या कॉलेजाचं."

"कुठली बँक?"

"इंग्रजी नाव हाय. माझ्या तोंडात न्हाय बसत."

"तुम्ही गेला होता का त्यांच्याकडं, पुण्याला?"

"न्हाय. चार पोरांत ऱ्हातो त्यो. म्हनतो, आई, घर घेतलं की नेतो." त्यांनी संस्कृतीकडं पाहून हसून घेतलं. "मी बी म्हनलं, घरात कुनी आल्यावरच जाते."

संस्कृतीच्या मनात तिथं काहीतरी खटकलं. ती पुढं विचारणार तेवढ्यात कुशाबाई आत गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि तिच्या कपाळाला बोट लावत तात्यांना म्हणाल्या, "देवक कंचं तुमचं?"

"पंचपालवी," तात्या म्हणाले. असल्या प्रश्नाला उत्तर तोंडातून आपोआप येतं.

"आमचं कळंब!" कुशाबाईंनी देवळाच्या दिशेनं हात जोडले. "मोरयानं ऐकलं गं माझं."

सारखं देवक असलं की सोयरीक होत नाही, वेगळं असलं की वाट मोकळी, हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं. आणि कॉलेजच्या चौकशीला आलेल्याला देवक कोणी विचारत नाही. संस्कृतीच्या कपाळावरचं कुंकू एकदम जड झालं. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वैनी, त्याचं आसं हाय..." त्यांनी सुरुवात केली.

पण कुशाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "ह्याचं वडील आसाया पायजे हुतं आज. किती जागी शबूद टाकला, पोरी म्हनत्यात शेळ्या न्हाय राखनार. कवाच्यान कुनी ह्या वट्यावर आलं न्हवतं." मग त्यांनी मोबाईल पुढं केला. "संदेश तुमच्याशी बोलंल. आजकाल पोरापोरींनी बोलल्याबिगर होत न्हाय. नंबर घाल बाय ह्यात."

तात्यांनी तोंड मिटलं. आणि संस्कृतीनं नंबर घातला. खरं सांगायचं तर त्या क्षणीही तिच्या डोक्यात कुशाबाई नव्हत्याच, कॉलेज होतं. आता तरी हा माणूस फोन करेल, एवढाच विचार तिनं केला.

परत येताना बारामती ओलांडली. मग तात्यांनी गाडी बाजूला घेतली.

"चुकलं आपलं. सांगाया पायजे हुतं तिला."

"मग सांगितलं का नाही?"

"तू का न्हाय सांगितलंस?"

तात्यांनी पुन्हा गाडी चालू केली.

फोन त्याच आठवड्यात आला, ऑफिसात डबा उघडताना. ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

"संदेश बोलतोय, मोरगावचा." मेसेजमधल्या इंग्रजीचा मागमूस नव्हता. आवाज थकलेला होता. "आई लई खूश हाय. म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशी बोलावं. मी बँकेत न्हाय."

संस्कृतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी हितं एका ऑफिसात फोन करतो. दिवसभर. लोकांना क्रेडिट कार्ड पायजे का म्हणून इचारायचं. हितं नाव सांगायला लावतात, सँडी. लोक शिव्या घालतात ते बरं, त्यांच्या लेखी ते सँडीला असतं." तो हसल्यासारखं काहीतरी करून पुढं म्हणाला, "आईला म्हाईत न्हाय. गावाला म्हाईत न्हाय. पण पोरीच्या घरच्यास्नी फसवून लग्न करायचं माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. तुमी आता नको म्हणाला तरी माझी तक्रार न्हाय."

"आणि डिग्री?" तिनं विचारलं. आपला आवाज तिला स्वतःलाच निर्दयी वाटला. "डिग्रीचा काहीच उपयोग झाला नाही?"

"शिकवलं चांगलं हो. मास्तर जीव तोडून शिकवायचे. पण बाहेर आल्यावर मुलाखतीत पहिला प्रश्न, हे कुठं आलं? मी आपला नकाशा सांगत बसायचो, आणि नकाशा सांगून होईस्तवर त्यांचं ठरलेलं असायचं. आमच्या वर्गातलं एक पोरगं चांगलं लागलं, त्याच्या बापाची शेअरची पेढी होती. एक पोरगी लागली, तिनं बाजूनं सीएफएच्या, त्या गुंतवणुकीच्या कामाच्या परीक्षा दिल्या होत्या. डिगरी त्यांनाबी होती, मलाबी. उपयोगाला त्यांचं ते दुसरं आलं."

जिन्याखालच्या रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. महिनाभर दारोदार विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, इतकं सरळ. आणि ते तिला मिळालं होतं ते केवळ एका म्हातारीचा गैरसमज तसाच राहू दिला म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली.

"मी तुम्हाला मेसेज केला होता," ती म्हणाली. "कोर्सबद्दल. लासुर्ण्याहून. ती मीच. आम्ही त्याच चौकशीला आलो होतो. तुमच्या आईंचा गैरसमज झाला, आणि आम्ही... मी तो दूर केला नाही."

पलीकडं इतर लोकांचे आवाज येत राहिले. सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे, सर.

"म्हंजी स्थळ न्हवतंच."

"नाही. माफ करा."

"ऱ्हाऊ द्या. मीबी तुम्हाला मेसेजमध्ये खोटंच लिवलं होतं. फिटलं म्हणायचं." मग म्हणाला, "आईला मी सांगतो, मुलीला लांब शिकायला जायचंय, लग्न इतक्यात न्हाय. तिला शिक्षणाचं कौतुक हाय, तिला वाईट वाटणार न्हाय. फक्त माझं कुणाला सांगू नका. तुमच्या वडिलांनाबी."

तिनं शब्द दिला. फोन ठेवल्यावर डबा तसाच बंद करून ती कामाला बसली.

महिनाअखेरीला तिनं विद्यापीठाला नकार कळवला. तात्या ओट्यावर खुरपं घासत होते.

"त्या मोरगावच्या पोराचा फोन आलता का?"

"आला होता. कॉलेज चांगलंय म्हणाला. पण मलाच जमायचं नाही तात्या. मी नाही जात."

तात्यांचा हात थांबला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी लेकीकडं, ही घाबरली, अशा नजरेनं पाहिलं. पण म्हणाले तेच, "तू म्हणशील तसं." तिला वाटलं, आत्ता खरं सांगून टाकावं. सांगितलं असतं तर तात्यांनी ते पोटात ठेवलंही असतं. पण शब्द दिला होता, आणि त्या पोरापाशी झाकायला तेवढं एकच उरलं होतं.

गावात आपोआप पसरलं की संस्कृतीला बाहेर प्रवेश मिळाला होता, पण पोरीचा धीर झाला नाही. लोक तरीही मोबाईल दाखवायला येत राहिले, पण "तू काय, कुठंबी जाशील" असं पूर्वी म्हणत, ते म्हणेनासे झाले. तिनं सीएफएच्या पहिल्या परीक्षेची पुस्तकं मागवली. पहाटे अभ्यास, एसटीत अभ्यास, डबा खाताना अभ्यास. ते पुस्तक कशाचं, हे तिला कोणीही विचारलं नाही. कधी कधी दुपारी अनोळखी नंबरवरून कार्डासाठी फोन येई. ती तो कापत नसे, पुढचा माणूस बोलून संपेपर्यंत ऐकून घेई. तो आवाज कधीच मोरगावचा नसायचा.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती बारामतीच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होती. समोरच्या बाकावर कुशाबाई बसल्या होत्या, हातात डोळ्यांच्या डॉक्टरची पिशवी. संस्कृती मान वळवून निघणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"लासुर्ण्याची न्हवं का तू? हितं कशी? शिकाया गेलीवतीस न्हवं?"

ती त्यांच्याशेजारी बसली. "नाही गेले मावशी."

शिकायला गेली नाही, म्हणजे नकार शिक्षणामुळं नव्हता, हे कुशाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलेलं संस्कृतीला दिसलं. त्यांनी पिशवीचे बंद दोनदा गुंडाळले.

"मग आमचंच कायतरी कमी पडलं आसंल," त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "शेळ्या, मातीचं घर. आसू दे."

संस्कृतीला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं: तुमचं काही कमी नाही मावशी, आम्ही स्थळ म्हणून आलोच नव्हतो. पण मग का आला होता, असं त्यांनी विचारलं असतं. चौकशीला आला होतात तर मग त्या कॉलेजात का गेली नाहीस, असंही विचारलं असतं. आणि त्या प्रश्नाचं उत्तर पुण्यातल्या त्या ऑफिसात जाऊन पोचलं असतं.

"तुमचं नाही मावशी. माझंच. मी भ्याले. एवढ्या लांब, एवढा अवघड अभ्यास. शिकायला जाते म्हणून तुम्हाला थांबवलं, मग परत काय तोंडानं येणार?"

कुशाबाईंनी वळून तिच्याकडं नीट पाहिलं. त्यांचा चेहरा सैल झाला, आणि त्यात मायेबरोबर थोडा अभिमानही आला.

"जायाला पायजे हुतं गं. माझ्या संदेशचं बघ की. त्या कॉलेजानं त्याचं सोनं झालं."

"व्हय मावशी," संस्कृती म्हणाली. "चुकलंच माझं."

मोरगावची गाडी लागली तशा कुशाबाई उठल्या. जाता जाता त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"वाईट वाटून घ्यू नको. समद्यास्नीच जमतं आसं न्हाय."

गाडी निघून गेली. संस्कृतीनं पुस्तक उघडलं, पण दिवे अजून लागले नव्हते आणि अक्षरं दिसत नव्हती. ती तशीच इंदापूरच्या गाडीची वाट बघत बसली.